तिघांची बैठक आणि बारकी जोडी

मालवण किनाऱ्यावर गणपतीत रात्रीचे भजन संपते, उसळ-पाव आणि चहा फिरतो, आणि जागरणासाठी पत्ते बाहेर येतात. मुंबईहून आलेले चाकरमानी, शेजारपाजारचे, पाहुणे असे सात-आठ जण तीन पत्तीला बसतात. मध्यरात्र उलटली की एकेक जण उठायला लागतो आणि पहाटेकडे तिघे-चौघेच उरतात. बैठक लहान होते, पण खेळण्याची रीत आठ जणांचीच राहते. दुर्री-तिर्रीची जोडी आली की भीत भीत एखादी चाल द्यायची आणि कोणी रक्कम वाढवली की पॅक व्हायचे, याला सगळे शहाणपण समजतात. माझ्या मते उरलेल्या त्या तीन-चार जणांत हे शहाणपण तोट्याचे आहे. माणसे कमी झाली की बारकी जोडी जोरात खेळावी, आणि त्यामागे धाडसापेक्षा हिशेब जास्त आहे.

52 पानांतून तीन पानांचे एकूण 22,100 हात निघतात. त्यांपैकी 16,440 हातांत साधी जोडीही नसते. जोड्या 3,744, कलर 1,096, सिक्वेन्स 720, आणि ट्रेल व प्युअर सिक्वेन्स दोन्ही मिळून अवघे 100. म्हणजे सगळ्यांत लहान, दुर्रीची जोडीसुद्धा शंभरातल्या 74 हातांना मारते. समोर एकच गडी असेल तर ती 74 वेळा वर राहते, दोन असतील तर ढोबळमानाने 55 वेळा, तीन असतील तर 41 वेळा आणि सहा असतील तर जेमतेम 17 वेळा. सात जणांत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 14 डाव येतात, तेव्हा तिथे ही जोडी सरासरीच्या किंचित वर असते. तिघांत सरासरी वाटा 33 आणि जोडीचा 55. पाने तीच असली तरी त्यांचे वजन असे बदलते. याच जिल्ह्यातल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 पाने असतात आणि दहापैकी पाच रंगांत अंकांची चढउतार उलटी होऊन एक्का वर जातो. पानाची किंमत ते कुठे पडते यावर ठरते, हे इथल्या खेळाला नवे नाही.

यावर जाणता गडी लगेच हरकत घेतो: चाल वाढवलीस की तुझ्याहून हलके सगळे पॅक होणार आणि भारी तेवढे उरणार, मग मिळवलेस काय? हरकत खरी आहे, म्हणून एक डाव जवळून पाहू. तिघे बसलेत, बूट प्रत्येकी एक काजूची बी. पहिल्याने ब्लाइंडवर एक बी टाकली, मध्ये चार झाल्या. दुसऱ्याने पाने पाहिली: दोन दुर्र्या आणि एक नव्वी. पाहिलेल्याला किमान दोन टाकाव्या लागतात, चारपर्यंत टाकता येतात. त्याने चार टाकल्या. तिसरा गुलामावर होता, तो पॅक झाला. आता पहिल्याला ब्लाइंड राहायचे तर दोन आणि पाहून राहायचे तर चार. ब्लाइंडच राहिला तर जोडी शंभरात 74 वेळा पुढे आहे. पाहून तो फक्त जोडी किंवा वरच्या हातावर टिकणारा असेल, तर शंभरात तितक्याच वेळा तो पॅक होतो आणि मधल्या बिया न दाखवता आपल्या होतात. एक्क्यावरही टिकणारा असेल तर दुर्रीची जोडी त्याला 40 वेळा मारते, राजावरही टिकणारा असेल तर 56 वेळा. तीन पत्तीतला अगदी मधला हात राजावरचाच आहे, आणि तिघांच्या बैठकीत राजा पाहून पाने टाकणारे थोडे. तेव्हा समोरचा घट्ट असो की सैल, मोठ्या चालीतून काहीतरी हाती लागतेच. दोन बियांच्या मिळमिळीत चालीने मात्र घट्ट गड्याला टिकायला स्वस्त वाट मिळते आणि सैल गड्याकडून येणे कमी होते.

बांदा-पत्रादेवी ओलांडून गोव्यात गेले की पणजीला मांडवीतल्या कॅसिनो-बोटींवर पोकर चालतो. तिथे हीच गोष्ट जास्त ठळक दिसते. हातात जोडी नसलेली दोन पाने असतील तर टेबलावरच्या पहिल्या तीन पानांनंतर निदान जोडी जमण्याचा योग तिनातून एकदाच येतो, म्हणून दोघा-तिघांत तळाची जोडीही बऱ्याचदा वरचढ असते. शिवाय पोकरमध्ये अजून दोन पाने यायची असतात. समोरच्याकडे त्या जोडीहून मोठी दोन सुटी पाने असतील तर तो चारातून एकदा मागून येऊन जिंकतो. त्याला ती दोन पाने फुकट पाहू देणे ही उघड चूक आहे. तीन पत्तीत पुढे पाने येत नाहीत, म्हणून तिथे हे कारण लागू होत नाही, एवढा फरक लक्षात ठेवावा.

दुसरी हरकत कायद्याच्या बाजूची. रमीला कौशल्याचा खेळ ठरवणाऱ्या आंध्र प्रदेश विरुद्ध सत्यनारायण या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फ्लश, म्हणजे आपली तीन पत्तीच, हे निव्वळ नशीब असे म्हटले आहे. पाने कोणती येतील ते नशीबच, यात शंका नाही. पण आलेल्या पानांवर किती टाकायचे आणि कधी उठायचे, हे माणूस ठरवतो, आणि वरचे आकडे सांगतात की त्या ठरवण्याने शेवटचा हिशेब बदलतो. याने जुगाराला परवानगी मिळत नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगारविरोधी कायदा लागू आहे आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केले. कोकणात मुले खेळतात तशा काजूच्या बिया या हिशेबाला पुरेशा आहेत.

तिसरी हरकत मला सगळ्यांत वजनदार वाटते. नेहमी जोडीवरच वाढवलेत तर तासाभरात सगळे ओळखतात आणि ट्रेल घेऊन गप्प बसणारा तुम्हाला पुढे पुढे ओढत नेतो. त्यावर उपाय दोन आहेत. भारी हातावरही तेवढीच चाल द्यावी, म्हणजे रकमेवरून पाने कळत नाहीत. आणि रात्रभर घट्ट खेळलेल्या माणसाने पाने पाहून उलट चाल वाढवली, तर दुर्रीची जोडी तिथेच खाली ठेवावी. सहा-सात जण बसलेले असतील तर इतकेही थांबू नये, पहिल्याच मोठ्या चालीला ती टाकून द्यावी.