वन्स मोअर कुणाला म्हणायचं?

वसईच्या किल्ल्याजवळ, समुद्राला अगदी खेटून पाचूबंदर नावाचा कोळीवाडा आहे. होड्या, जाळी, बांबूंवर वाळणारे बोंबील आणि खारा वारा! वसईच्या या किनाऱ्यावर ख्रिस्ती कुटुंबात लग्न असलं की ब्रास बँड हवाच. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि छातीत धडधड करणारा मोठा ड्रम. बँड वाजू लागला की मुलांचे पाय आपोआप थिरकतात, आणि खुर्चीत बसलेल्या आजीसुद्धा बोटांनी ठेका धरतात. मग गर्दीतून कुणीतरी ओरडतं, "काका, तेच पुन्हा एकदा!" काका हसतात, मान डोलावतात आणि गाणं परत सुरू होतं.

आता तेच गाणं मोबाइलवर लावा. सूर तेच, ठेकाही तोच. पण "काका, पुन्हा एकदा" असं तुम्ही मोबाइलला म्हणाल का? छे! बोटानं गाणं मागं सरकवाल, बस्स.

म्हणजे गाणं एकच, पण ऐकणाऱ्याचं वागणं बदललं. असं का होतं? समोर वाजवणारा माणूसच नसेल, तर आपल्या टाळ्या आणि आपली 'वाहवा' कुणासाठी? चला, या प्रश्नाच्या मागं मागं जाऊ या. वाटेत ऑपेरा आणि ऑर्केस्ट्रा दोघंही भेटतील.

गाण्यातून बोलणारं नाटक

ऑपेरा म्हणजे गाण्यातून सांगितलेलं नाटक. राजा रागावला तरी गाऊन रागावणार, आणि नायिका मरतानासुद्धा गाणार! सोबतीला मोठा ऑर्केस्ट्रा असतो. व्हायोलिन, चेलो, बासरी, ट्रम्पेट, नगाऱ्यासारखी टिंपनी अशी कितीतरी वाद्यं त्यात असतात. ही कला इटलीत १६०० सालाच्या सुमारास जन्मली. तेव्हा आपल्या वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं.

आणि आपल्याकडे? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि मराठी माणूस संगीत नाटकाच्या प्रेमातच पडला. आपल्या नाटकात गद्य बोलणंही असतं आणि मधूनमधून पदं येतात, एवढा फरक. पण पद आवडलं की प्रेक्षक थिएटर दणाणून सोडत. "वन्स मोअर!" बालगंधर्वांच्या नाटकांत तर इतके वन्स मोअर मिळत की खेळ पार उत्तररात्रीपर्यंत रंगे.

इटलीतले प्रेक्षकही काही कमी नाहीत. गाणं आवडलं तर 'ब्राव्हो', आणखी हवं असेल तर 'बीस', आणि नाही आवडलं तर सरळ हुर्यो! पण मिलान शहरातल्या 'ला स्काला' या जगप्रसिद्ध ऑपेरागृहात वन्स मोअरला मनाई झाली, कारण त्यानं नाटकाची गोष्ट तुटते. २००७ साली मात्र हुआन दिएगो फ्लोरेस या पेरू देशातल्या गायकानं एक महाकठीण गाणं गायलं. त्यात वरच्या पट्टीतला एक अवघड सूर तब्बल नऊ वेळा लावायचा असतो! प्रेक्षक टाळ्या थांबवेनात. शेवटी त्यानं ते गाणं पुन्हा गायलं. ला स्कालात एकट्या गायकाला असा वन्स मोअर १९३३ नंतर पहिल्यांदाच मिळाला होता.

दाद डोळ्यांनी पाहिली

आता एक हळवी गोष्ट. ७ मे १८२४. व्हिएन्ना शहरात बीथोव्हेनची नववी सिम्फनी पहिल्यांदा वाजली. तोवर तो जवळजवळ पूर्ण बहिरा झाला होता. संगीत थांबलं, लोक वेडे होऊन टाळ्या वाजवू लागले, पण प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या बीथोव्हेनला काहीच कळेना. तेव्हा कॅरोलिना उंगर या तरुण गायिकेनं त्याला हलकेच प्रेक्षकांकडे वळवलं, असं सांगतात. त्याला टाळ्या ऐकू आल्या नाहीत, पण हवेत हलणारे हात आणि रुमाल दिसले.

त्या दिवशी ऐकणाऱ्यांची दाद संगीतकारापर्यंत पोचली, कानांनी नाही तर डोळ्यांनी. पण रेकॉर्डवरच्या गायकाचं काय? त्याला आपली दाद ना ऐकू येते, ना दिसते!

कर्ण्यापुढचा कुत्रा

घरात जुन्या रेकॉर्ड्स असतील तर त्यावरचं चित्र आठवा. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला एक कुत्रा. त्याचं नाव निपर. फ्रान्सिस बॅरो या इंग्लंडमधल्या चित्रकारानं ते चित्र काढलं. यंत्रातून मालकाचा आवाज येतोय, पण मालक कुठाय? रेकॉर्ड ऐकणाऱ्या माणसाचंही पहिल्यांदा अगदी असंच झालं असणार!

१९०२ साली फ्रेड गायस्बर्ग नावाचा रेकॉर्डिंगवाला मिलानला गेला. तिथल्या एका हॉटेलच्या खोलीत त्यानं एन्रिको कारुसो या ऑपेरा गायकाची दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. कारुसोचा आवाज जगभर पोचला. त्याच वर्षी गायस्बर्ग कोलकात्याला आला आणि त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. कुणाला? रेकॉर्ड्स छापल्या जात जर्मनीत. कोणती रेकॉर्ड कुणाची हे तिथल्या कारागिरांना कळायला हवं ना! म्हणजे समोर श्रोता नसताना गायिकेला पहिला श्रोता मिळाला तो हजारो मैल दूरचा कारखान्यातला कामगार.

त्या काळी एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावे. तासभर रंगणारा राग असो की ऑपेरातलं लांबलचक गाणं, कात्री लागायचीच.

अमेरिकेत तर थॉमस एडिसनच्या कंपनीनं १९१५ पासून एक गंमतच केली. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवायचे. अंधारात गातंय कोण, बाई की यंत्र? दिवे लागले की लोक चकित! पुढं पुष्कळ वर्षांनी ॲना केस या गायिकेनं गुपित फोडलं. यंत्राच्या आवाजाशी जुळावा असा आपला आवाज त्या मुद्दाम लावत होत्या. यंत्रानं माणसाची नक्कल करायची, तर इथं माणूसच यंत्राची नक्कल करत होता.

एका रेकॉर्डनं मुलगा घराबाहेर पडला

मग रेकॉर्डला दिलेली दाद वाया जाते का? ऐका तर. कर्नाटकातल्या गदगमध्ये एक शाळकरी मुलगा दुकानात लागलेली रेकॉर्ड ऐकत उभा राहायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. "मलाही असंच गाता आलं पाहिजे!" या ध्यासानं १९३३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. (तुम्ही मात्र असं काही करू नका हं! आता गाणं शिकायला घर सोडावं लागत नाही.) भटकंतीनंतर तो पोचला सवाई गंधर्वांकडे, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे. हा मुलगा म्हणजे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी.

पाहिलंत? खाँसाहेबांना त्या पोराची 'वाहवा' कधी ऐकू आली नव्हती. पण ती दाद विरून गेली नाही, तिचं पुढं गाणंच झालं.

पडद्यावरचा ऑपेरा

आज मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए ही संस्था आहे. २००६ साली तिथं 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' सुरू झाला. शिवाय न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातले खेळ तिथं पडद्यावरही दाखवले गेले आहेत. २००६ च्या अखेरीपासून 'मेट'चे खेळ जगभरच्या चित्रपटगृहांत पोचू लागले. तिथं मोठी गंमत होते. गाणं संपतं, पडद्यावरचे प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करतात आणि थिएटरातले लोक एकमेकांकडे बघतात. वाजवू की नको? कुणी वाजवतं, कुणी संकोचतं. खरं तर वाजवायला काय हरकत आहे? गायकाला ऐकू जाणार नाही, पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला तर कळेल ना, "अरे, यालाही आवडलं!"

आणि वसई रोडहून चर्चगेट सुमारे ५२ किलोमीटर. गाडीची गर्दी, तिकिटाचे पैसे, परतीची शेवटची लोकल... पाचूबंदरच्या मुलाला तिथं जाणं सोपं नाही. न्यूयॉर्क तर दूरच राहिलं! रेकॉर्डिंगचं मोठेपण इथंच आहे. राजवाड्यातलं आणि महागड्या तिकिटातलं गाणं ते कोळीवाड्यातल्या ओट्यावर आणून ठेवतं.

हसू आलं तर?

पहिल्यांदा ऑपेरा ऐकताना बहुतेकांना हसू येतं. "केवढ्यानं किंचाळतेय ही बाई!" येऊ द्या हसू, पण लगेच बंद करू नका. आधी कारण समजून घ्या. ऑपेरागृहात दोन-तीन हजार माणसं, पुढ्यात वाजणारा भलामोठा ऑर्केस्ट्रा, आणि गायकापुढे माइक नाही! आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचणार? तयार गायक, विशेषतः पुरुष गायक, घसा आणि तोंडाची पोकळी अशी जुळवतात की आवाजाची ताकद ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटते. तिथं ऑर्केस्ट्राचा आवाज कमी असतो आणि आपले कानही तिखट असतात. वाऱ्यावादळात होडीवरून किनाऱ्याला हाक मारणारा कोळी रोजच्या बोलण्याच्या आवाजात थोडाच हाक मारतो?

आता एक प्रयोग करा. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या १७९१ सालच्या ऑपेरातलं रात्रीच्या राणीचं रागाचं गाणं शोधा. तीनच मिनिटांचं आहे. राणी आपल्या मुलीच्या हातात सुरी देऊन शत्रूला मारायला सांगतेय. एवढी गोष्ट सांगून ते घरातल्या सगळ्यांना ऐकवा. मग बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचा पहिला भाग लावा, सात-आठ मिनिटांचा. दोन्ही तीन वेळा ऐका, तीन वेगवेगळ्या दिवशी. कोण हसलं, कोण गप्प झालं, कुणाचा पाय हलला, ते वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशी कुणाचं मत बदललं का? आजीला विचारायला विसरू नका. तिला कदाचित एखादं नाट्यगीत आठवेल, कदाचित चर्चमधलं गायन.

पालकांना एक विनंती. "तुला यातलं काय कळतंय?" असं मुलांना म्हणू नका. त्याऐवजी तीन मिनिटं शेजारी बसून ऐका.

आणि जाता जाता सांगतो. रात्रीच्या राणीचं हेच गाणं, पाचव्या सिम्फनीचा हाच भाग आणि गोव्यात जन्मलेल्या आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी, तिन्ही एकाच तबकडीवर आहेत. सोन्याचा मुलामा दिलेली ही तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. दुसरं यान ५ सप्टेंबरला निघालं आणि त्याच महिन्यात केसरबाईंचं निधन झालं. त्यांचा सूर मात्र ताऱ्यांमधल्या अवकाशात निघून गेला आहे. तिथं कुणी ऐकणारं भेटेल का, आणि भेटलंच तर ते 'वन्स मोअर' कसं म्हणेल, कोण जाणे! पण पाचूबंदरात, दादरला, नाहीतर तुमच्या गावात, एक श्रोता तर नक्की आहे. तुम्ही!

मग लावता ना?