मासळीच्या तेलाचा खवटपणा

दिवाळीची चकली महिनाभर डब्यात राहिली म्हणजे तिला खवट वास येऊ लागतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. जुन्या खोबऱ्याची आणि शेंगदाण्याचीही तीच गत होते. औषधाच्या दुकानातून सोनेरी गोळीच्या रूपाने घरी येणारे मासळीचे तेलही याच नियमाने बांधलेले आहे. किंबहुना ते इतर तेलांहून लवकर बिघडते. ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

या नियमाचा धडा पालघरच्या किनाऱ्यावर उघड्यावर मांडलेला दिसतो. सातपाटीपासून उत्तरेस तारापूर-डहाणूपर्यंतच्या कोळीवाड्यांत बोंबील बांबूंच्या मांडवावर उन्हात वाळवितात आणि पावसाळ्याची बेगमी करतात. बोंबलात पाणी पुष्कळ व चरबी अगदी थोडी असते. पाणी उडून गेले की तो टिकतो. तेलकट बांगडा किंवा तारली यांची गोष्ट निराळी. त्यांना मीठ लावून वाळविले तरी काही दिवसांनी अंगावर पिवळट झाक येते व चव कडवट होते. मीठ कुजणे थांबविते, पण हवेतील प्राणवायूला अडवीत नाही. माशातील स्निग्धांश जितका अधिक, तितका हा धोका मोठा.

याचे कारण तेलाच्या घडणीत आहे. तेलाचे घटक म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या होत. खोबरेल तेलाच्या बहुतेक साखळ्यांत द्विबंध नसतात. म्हणून ते बराच काळ टिकते. शेंगदाणा तेलात मुख्यत्वे एक किंवा दोन द्विबंधांच्या साखळ्या असतात. मासळीच्या तेलातील ज्या दोन ओमेगा-३ आम्लांसाठी गोळी घ्यावयाची, त्यांपैकी ईपीएमध्ये पाच व डीएचएमध्ये सहा द्विबंध असतात. दोन द्विबंधांमधील हायड्रोजन सैल असतो. तो निघाला की तेथे प्राणवायू शिरतो, आणि एक बिघडलेली साखळी शेजारच्या साखळीला बिघडविते. उष्णता, उजेड व धातूचे सूक्ष्म कण या क्रियेस वेग देतात. ज्या गुणासाठी हे तेल मोलाचे, त्याच गुणामुळे ते नाजूक आहे.

बिघाडाच्या पायऱ्या दोन आहेत. प्रथम पेरॉक्साइडे तयार होतात. त्यांना वास नसतो. पुढे ती मोडून आल्डिहाइडे बनतात आणि मग खवट वास सुटतो. पहिल्या पायरीचा आकडा काही काळ चढून पुन्हा उतरतो. म्हणून तेवढाच पाहिला तर जुने तेलही ताजे वाटावे! यासाठी तज्ज्ञ पेरॉक्साइड अंकाची दुप्पट करून तीत अ‍ॅनिसिडीन अंक मिळवितात. २०१७ साली कोडेक्स या आंतरराष्ट्रीय खाद्यमानक मंडळाने मासळीच्या तेलासाठी या अंकांच्या मर्यादा अनुक्रमे ५ व २० आणि एकूण बेरजेची मर्यादा २६ अशी ठरविली.

बाजारातील माल या कसोटीला उतरतो काय? २०१५ साली न्यूझीलंडमधील संशोधकांनी ३२ उत्पादने तपासली. त्यांतील निम्म्यांनी एकूण मर्यादा ओलांडली होती. २०१७ साली दुसऱ्या एका तपासणीत बहुतेक माल मर्यादेत आढळला. मात्र तिच्या लेखकांपैकी काही जण उत्पादकांच्या संघटनेशी संबंधित होते. खवट तेलाने अपाय होतोच असेही सिद्ध झालेले नाही. नॉर्वेमध्ये २०१२ च्या एका प्रयोगात निरोगी माणसांना सात आठवडे असे तेल देऊन पाहिले, तेव्हा नेहमीच्या रक्तचाचण्यांत फरक दिसला नाही. तथापि सात आठवडे म्हणजे वर्षे नव्हेत, आणि निरोगी तरुण म्हणजे घरातील हृदयविकाराचे वृद्ध नव्हेत. शिवाय तेल बिघडले म्हणजे त्यातील उपयुक्त आम्ले तितकी खर्ची पडली, हे तर उघडच आहे. पैसा पूर्ण द्यावयाचा आणि गुण अर्धा घ्यावयाचा, हा व्यवहार कोणत्या गृहस्थास रुचेल?

दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाच्या तेलाची आयात अडली, तेव्हा आपल्याकडे मुशीच्या यकृताचे तेल काढू लागले. ते मुलांना चमच्याने पाजीत. त्यामुळे नाक व जीभ हेच परीक्षक होते. आजची गोळी हे दोन्ही परीक्षक दूर सारते. सातपाटीचा बाजार चार पावलांवर असला तरी गोळीतील तेल बहुधा पेरूच्या किनाऱ्यावरील लहान माशांचे असते, आणि हजारो मैलांचा प्रवास करून ते बोईसरच्या दमट उन्हाळ्यात कपाटात येऊन पडते.

म्हणून काही पथ्ये पाळावी. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. महिन्या-दोन महिन्यांत संपेल एवढीच घ्यावी. केवळ अखेरची तारीख न पाहता बनविल्याची तारीखही पाहावी. बाटली चुलीजवळ किंवा खिडकीत न ठेवता थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी व झाकण घट्ट लावावे. अधूनमधून एखादी गोळी टाचणीने फोडून वास घ्यावा. मासळीचा सौम्य वास चालेल. जुन्या रंगासारखा उग्र वास आल्यास ती बाटली टाकून द्यावी. लिंबाचा सुवास घातलेल्या गोळीत ही परीक्षा फसते, हेही लक्षात असावे. डॉक्टरांनी सांगितलेले तेल मात्र आपल्या मनाने बंद करू नये. शंका त्यांनाच विचारावी.

ज्यांच्या घरी मासळी चालते त्यांना आणखी एक सोपा मार्ग आहे. आठवड्यातून दोनदा ताजी तारली किंवा बांगडा पानात पडला, तर हीच आम्ले मिळतात. आणि ती ताजी आहे की नाही हे कोळीण टोपली पुढे करते तेव्हाच कळते.