आवडलेली तबकडी, नावडलेली तबकडी
हेवी मेटलच्या चाहत्यांचे वाद आणि आपण





आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांत मधल्या सुट्टीत सध्या एका विषयावर मोठी चर्चा रंगते. विषय क्रिकेटचा नाही आणि परीक्षेचा तर नाहीच नाही. 'मेटॅलिका'चा कोणता अल्बम खरा आणि कोणता पैसे पाण्यात घालणारा, 'ब्लॅक सॅबथ' थोर की 'आयर्न मेडन', असा तो वाद असतो. काही अभिभावकांना याची काळजी वाटते. काळे शर्ट, त्यांवरच्या कवट्या, कानठळ्या बसवणारी गिटार, हे सगळे शाळेने थांबवावे असे त्यांचे म्हणणे आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात मुलांना असे एक गाणे वाजवू द्यावे की नाही, हा प्रश्न विश्वस्त मंडळापुढेही आला आहे.

निर्णय काहीही होवो, त्याआधी विषय समजून घेतला पाहिजे. माझे स्वतःचे कान भीमसेनजी आणि कुमारजी यांच्या गाण्यावर तयार झालेले आहेत. त्यामुळे हा लेख चाहत्याचा नसून शिक्षकाचा आहे, हे आधीच सांगतो.

हे संगीत आले कोठून?

हेवी मेटलचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला असे सामान्यतः मानतात. तेथील 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १७ वर्षांचा असताना, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. गिटार संपली असे समजून तो बसला असताना कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची एक तबकडी ऐकायला दिली. राइनहार्टची दोन बोटे आगीत निकामी झाली होती आणि तरी तो जगप्रसिद्ध झाला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, त्यांवर चामडे चढवले आणि पातळ तारा वापरल्या. पुढे तारा नेहमीपेक्षा सैल लावून तो वाजवू लागला. त्यातून जो जड, खोल आवाज निघाला, तो या सगळ्या संगीताचा पाया ठरला.

आपल्या माळव्यातील मंडळींना यावरून कोणाची तरी आठवण येईल. क्षयरोगाच्या उपचारासाठी कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले. एक फुप्फुस जवळजवळ गेले, काही वर्षे गाणे बंद राहिले. नंतर ते गायले ते वेगळेच, छोट्या छोट्या स्वरवाक्यांचे, माळवी लोकगीतांचा रंग असलेले. त्या गाण्यावर केवढे वाद झाले हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. काहींना तो परंपरेचा भंग वाटला, काहींना नवी पहाट वाटली. दोन्ही संगीतांची बरोबरी करण्याचा हेतू नाही. परंतु शरीराच्या मर्यादेतून नवी वाट निघते आणि त्या वाटेवरून श्रोत्यांत दोन तट पडतात, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

निराशा एवढी मोठी का?

आज महिन्याची ठराविक रक्कम भरली की फोनवर वाटेल ते ऐकता येते. एलपी, कॅसेट आणि सीडीच्या काळात तसे नव्हते. खाऊचे पैसे साठवून, बहुतेक वेळा न ऐकताच, केवळ बँडच्या नावावर आणि मुखपृष्ठावर भरवसा ठेवून अल्बम घ्यावा लागे. घरी येऊन लावला आणि आवडला नाही, तर दुकानदार तो परत घेत नसे. फळ कापल्याशिवाय गोड की आंबट कळत नाही आणि कापलेले फळ कोणी परत घेत नाही, तसाच हा प्रकार होता. म्हणून जुने चाहते फसलेल्या खरेदीची गोष्ट तीस वर्षांनंतरही हळहळून सांगतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंडच्या 'सेल्टिक फ्रॉस्ट' या बँडचा 'कोल्ड लेक' हा १९८८ सालचा अल्बम. गडद आणि प्रयोगशील संगीतासाठी नावाजलेल्या या बँडने अचानक त्या काळच्या झगमगीत, केस फुगवलेल्या बँडांचा वेश आणि ढंग घेतला. चाहते चक्रावले. पुढे बँडचा प्रमुख टॉम वॉरियर यानेच तो अल्बम नाकारला आणि जुने अल्बम पुन्हा प्रकाशित झाले तेव्हा हा वगळला गेला. येथे वाद फारसा नाही. घेणारा आणि करणारा दोघेही एकाच मताचे आहेत!

खरा वाद : मेटॅलिकाचा काळा अल्बम

जो अल्बम अर्ध्या लोकांना शिखर वाटतो आणि अर्ध्यांना घसरण, तेथे वादाला खरे तोंड फुटते. मेटॅलिका हा बँड १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. १९८६ चा त्यांचा 'मास्टर ऑफ पपेट्स' हा अल्बम वेगवान, गुंतागुंतीच्या रचनांचा आहे आणि त्यातील शीर्षकगीतच आठ मिनिटांहून मोठे आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात त्यांचा बासवादक क्लिफ बर्टन मरण पावला. त्यानंतर १९९१ मध्ये, निर्माता बॉब रॉक याच्या साथीने, बँडने आपल्याच नावाचा अल्बम काढला. मुखपृष्ठ काळे असल्याने तो 'काळा अल्बम' म्हणून ओळखला जातो. यातली गाणी तुलनेने लहान, संथ आणि चटकन लक्षात राहणारी आहेत. एकट्या अमेरिकेत त्याच्या दीड कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

एक पक्ष म्हणतो, बँडने लोकप्रियतेसाठी आपला धर्म सोडला. दुसरा म्हणतो, कमी शब्दांत जास्त सांगणे हे अधिक कठीण आहे आणि ते त्यांना साधले. आता पाहा, दोघेही एकच गोष्ट सांगत आहेत : गाणी सोपी झाली. वस्तुस्थितीवर दोघांचे एकमत आहे, भांडण मूल्याबद्दल आहे. गुंतागुंत मोठी की सुबोधता मोठी? हा प्रश्न कवितेत आहे, चित्रकलेत आहे आणि आपल्या ख्याल-ठुमरीच्या वादातही आहे.

जेव्हा तक्रार मोजता येते

काही तक्रारी मात्र निव्वळ आवडीच्या नसतात, त्या तपासता येतात. मेटॅलिकाच्याच १९८८ सालच्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बमात बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. अनेकांच्या मते तो उत्तम अल्बम आहे, पण बास कमी आहे हे त्याचे भक्तही मान्य करतात. काही चाहत्यांनी तर घरी संगणकावर बास वाढवून आपापल्या आवृत्त्या तयार केल्या.

२००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये गिटारचे एकल वादन काढून टाकले होते आणि स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडल्याने तो डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. लोकांनी त्याची भरपूर थट्टा केली. तरीही अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि शीर्षकगीताला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. म्हणजे विक्री, पुरस्कार आणि चाहत्यांचे समाधान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'चे आहे. ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर कमी करून सगळेच मोठे करण्याची चढाओढ तेव्हा जोरात होती. त्यामुळे आवाज फाटतो आणि कान थकतात. त्याच सुमारास हीच गाणी 'गिटार हीरो' या संगणकीय खेळातही आली होती. चाहत्यांनी दोन्ही ध्वनींचे आलेख शेजारी ठेवून दाखवले की खेळातील आवाज अधिक मोकळा आहे. अल्बम पुन्हा तयार करावा म्हणून हजारो लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. दहावीच्या विद्यार्थ्यांनो, भौतिकशास्त्रातील तरंगाचा आयाम हा धडा आठवा. या तक्रारीचा पुरावा त्यातच आहे.

मत बदलते, आणि का बदलते

'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या अल्बमवर 'रोलिंग स्टोन' मासिकाने १९७० साली कडक टीका केली होती. त्याच मासिकाने २०१७ मध्ये शंभर श्रेष्ठ मेटल अल्बमांची यादी काढली, तेव्हा पहिला क्रमांक याच बँडच्या 'पॅरॅनॉइड'ला दिला. तबकडी तीच राहिली, ऐकणारे कान बदलले.

मानसशास्त्र यावर थोडा प्रकाश टाकते. रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवले की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली तर केवळ परिचयानेही ती आवडू लागते. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेला सिद्धांत असा की आपली कृती आणि आपले मत यांत विसंगती असली की मनाला टोचते आणि ती मिटवण्यासाठी आपण बहुधा मतच बदलतो. पैसे खर्च केले म्हणजे अल्बम चांगलाच असला पाहिजे, असे म्हणणारा चाहता आणि महागडी साडी घेऊन 'रंग बरा आहे' असे स्वतःलाच समजावणारे आपण, यांत फरक फारसा नाही. मात्र अनेकदा ऐकल्यावर खरोखरच नवे काही सापडते, हेही तितकेच खरे आहे. या दोहोंतला भेद ओळखणे म्हणजेच रसिकता वाढणे.

वाद घालावा, पण कसा?

विद्यार्थ्यांनो, वाद घालताना चार प्रश्न स्वतःला विचारा.

१. मी अल्बम पूर्ण ऐकला आहे का, की दुसऱ्याचे मत पुढे ढकलतो आहे?

२. माझी तक्रार तपासता येण्याजोगी आहे, की ती माझी आवड आहे? दोन्हीला जागा आहे, पण त्यांची सरमिसळ नको.

३. मी गाण्याबद्दल बोलतो आहे, की ते आवडणाऱ्या मित्राबद्दल?

४. समोरच्याचे म्हणणे मी त्याला पटेल अशा शब्दांत सांगू शकतो का?

चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे. ज्याला तो जमला, त्याला पुढे निबंधलेखनात, न्यायालयात किंवा संसारातही अडचण पडणार नाही.

अभिभावकांना दोन शब्द. काही गाण्यांचे शब्द लहान मुलांसाठी योग्य नसतात, हे खरे आहे. अमेरिकेत याच प्रश्नावर १९८५ साली सिनेटसमोर सुनावणी झाली आणि त्यानंतर अल्बमांवर पालकांसाठी सूचनेची चिठ्ठी लावण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हा शब्द जरूर वाचा, मुलांबरोबर बसून वाचा. कवटीचे चित्र पाहून निकाल देणे आणि मुखपृष्ठ पाहून अल्बम घेणे, ही एकाच जातीची घाई आहे.

विश्वस्त मंडळींना माझी सूचना अशी. स्नेहसंमेलनासाठी मुलांनी निवडलेल्या गाण्याचे शब्द संगीत शिक्षक आणि मी आधी पाहू. आवाजाची मर्यादा ठरवून देऊ. त्याच कार्यक्रमात, त्याच मुलांनी एक माळवी लोकगीतही सादर करावे. श्रोत्यांना यातले काय आवडेल, काय आवडणार नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. मुले नावडीची कारणे ऐकायला तयार आहेत. आपण ती कारणे नीट सांगायला तयार असावे, एवढीच विनंती.

आपला,
प्राचार्य