निर्मात्याचें ऋण : थोर विज्ञानपटांविषयीं थोडेंसें

अंतराळयानें, यंत्रमानव, परग्रहावरील प्राणी असल्या विषयांवरील चित्रपट म्हणजे पोरांची करमणूक, असा समज सुशिक्षित घरांतूनहि पुष्कळदां आढळतो. वडील मंडळी अशा चित्रपटांस मुलांना धाडतात आणि स्वतः घरीं राहतात. आमच्या मतें यांत नुकसान वडील मंडळींचेंच आहे. या प्रकारांतील जे चित्रपट काळाच्या कसोटीस उतरले, त्यांतील कित्येक मुलांपेक्षां आईबापांनाच अधिक विचार करावयास लावणारे आहेत.

नुसती चमत्कृति फार दिवस टिकत नाहीं. जॉर्ज मेलिये या फ्रेंच जादूगारानें १९०२ मध्यें चंद्रावरील सफरीचा एक लहानसा मूकपट काढला. चंद्राच्या डोळ्यांत रुतलेला त्यांतील तोफगोळा लोकांस अद्यापि आठवतो. पण आठवतो तो हंसूं येतें म्हणून. फ्रिट्झ लँग यांच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटांत चमत्कृतीला विचाराची जोड मिळाली. एका सत्शील तरुणीचें रूप दिलेलें यंत्र मजुरांना चिथावतें आणि त्यांची वसती पाण्याखालीं जाते. याची पटकथा लिहिणाऱ्या थेआ फॉन हार्बू यांनीं पुढें आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशीं विवाह केला, ही गोष्ट आमच्या वाचकांस कुतूहलाची वाटेल.

परंतु यंत्राला बनविणारा त्या यंत्राचें काय देणें लागतो, हा प्रश्न मनाला खरा झोंबतो तो ‘फ्रँकेन्स्टाइन’ पाहतांना. मेरी शेली यांच्या १८१८ च्या कादंबरीवरून जेम्स व्हेल यांनीं हा बोलपट १९३१ मध्यें काढला. एक शास्त्रज्ञ प्रेतांचे अवयव जुळवून मनुष्याकृति जिवंत करतो. पुढें तिला साखळदंडांत जखडतो आणि अखेर दुसऱ्याच्या हवालीं करून घरीं परततो. तेथून निसटलेला तो अजस्र जीव एका तळ्याकांठीं येतो. तेथील लहान मुलगी त्याला भीत नाहीं. उलट फुलें देते. दोघेंहि फुलें पाण्यावर टाकून तीं तरंगतांना पाहतात. फुलें संपतात, तेव्हां तो मोठ्या आनंदानें त्या मुलीलाच उचलून पाण्यांत टाकतो! हा भाग पुढें कापला गेला होता; कित्येक दशकांनीं तो परत जोडण्यांत आला. बोरिस कारलॉफ यांच्या मुद्रेवरील त्या वेळची भीति पाहिली म्हणजे राग येत नाहीं, गहिंवर येतो. फूल तरंगतें आणि मूल बुडतें, एवढें तरी त्याला कोणी शिकविलें होतें?

मनुष्य चंद्रावर उतरला त्याच्या आदल्या वर्षीं, १९६८ मध्यें, स्टॅन्ली क्युब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ आला. गुरु ग्रहाकडे निघालेल्या यानाचा कारभार ‘हाल’ नांवाच्या संगणकाकडे असतो. प्रवासाचा खरा हेतु यान चालविणाऱ्या दोघां प्रवाशांपासून लपविलेला. तो ठाऊक या यंत्राला. सत्य सांगण्यासाठीं घडविलेल्यालाच गुपित राखावयास लावलें, आणि त्या ओढाताणींतून तें बिघडलें, असा उलगडा आर्थर क्लार्क यांनीं आपल्या कादंबरींत केला आहे. हाल प्रवाशांचे प्राण घेतो. अखेर उरलेला एकटा प्रवासी त्याची स्मृति एकेक करून काढून घेतो. तेव्हां तें यंत्र भीति वाटते म्हणून सांगतें आणि बालपणीं शिक्षकानें शिकविलेलें गाणें मंदावत्या आवाजांत म्हणतें. खुनी यंत्राविषयीं आपणांस दया यावी, हेंच या प्रसंगाचें सामर्थ्य होय.

रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’ (१९८२) मध्यें तर निर्मितीच निर्मात्याच्या दारीं जाब विचारावयास येते. कथेचा काळ २०१९ चा. तें सालहि मागें पडलें, उडत्या मोटारी कांहीं रस्त्यावर आल्या नाहींत. तरी चित्रपट शिळा झाला नाहीं. चार वर्षांचेंच आयुष्य दिलेला कृत्रिम मनुष्य आयुष्य वाढवून मागतो. निर्माता त्याच्या तेजाचें कौतुक करतो; आयुष्य देऊं शकत नाहीं. तो निर्मात्याचा प्राण घेतो. पण स्वतः मरतेवेळीं, आपणांस ठार मारण्यास आलेल्या माणसाला तोच छपराच्या कडेवरून हात धरून वर ओढतो.

देव, ऋषि आणि पितर यांचें ऋण घेऊन मनुष्य जन्मास येतो, असें आपलें शास्त्र सांगतें. पुत्रानें पित्याचें काय देणें, याचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला. हे चित्रपट तोच हिशेब उलट बाजूनें मांडतात. जन्म देणाऱ्यानें जन्मलेल्याचें काय देणें? आज प्रश्नांस उत्तरें देणारीं यंत्रें घरांत आलीं आहेत, तेव्हां हा हिशेब केवळ कल्पनेंतला राहिलेला नाहीं. आणि मुलें तर प्रत्येक घरांत होतींच.

म्हणून आमची सूचना अशी कीं, वडील मंडळींनीं हे चित्रपट घरांतील जाणत्या मुलांच्या शेजारीं बसून पाहावे. तळ्याकांठच्या प्रसंगानंतर एखाद्यानें ‘दोष कोणाचा?’ असें विचारलें, तर उत्तराची घाई करूं नये.