पट्टा बोलतो, ॲप ऐकत नाही

नवा पट्टा घरी आला की माणूस सगळ्यात आधी मोबाइलची सेटिंग्ज उघडतो, ब्लूटूथच्या यादीत पट्ट्याचं नाव शोधतो आणि ‘पेअर’ दाबतो. बहुतेकांची बोंब इथूनच सुरू होते. कानातले इअरबड असेच जोडले, घरातला स्पीकरही असाच जोडला, मग छातीवर बांधायचा हार्ट रेटचा पट्टाही असाच जोडायचा असणार, असं वाटणं अगदी साहजिक आहे. यादीत नाव दिसतं, कधी खाली ‘कनेक्टेड’ असंही उमटतं. पळण्याच्या ॲपमध्ये मात्र ठोक्यांच्या जागी दोन आडव्या रेघा.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन असो की मुंबईची मोठी मॅरेथॉन, तयारी करणाऱ्या कुठल्याही गटात पहाटे हे ऐकू येतं. कोच सांगतो, ‘आज फक्त झोन टूमध्ये पळायचं’. आता झोन टू हा ठोक्यांचाच एक टप्पा, तो कळायचा तर ठोके दिसले पाहिजेत. अर्धा गट स्ट्रेचिंग करतो आणि उरलेला अर्धा मोबाइलशी भांडत उभा असतो. शेवटी खापर फुटतं ते पट्ट्यावर. खरं तर पट्टा बिचारा क्वचितच दोषी असतो. छातीतला एक ठोका ॲपच्या आलेखात उमटेपर्यंत त्याला बरेच सांधे ओलांडावे लागतात आणि घोटाळा होतो तो या सांध्यांवर. कुठला सांधा निखळलाय हे कळलं की निम्मं काम झालं.

पहिला सांधा कातडीचा. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर एक विद्युत्-लहर शरीरभर पसरते. कातडीवर ती पोचते तेव्हा तिचा दाब जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला रबरासारखे दोन लांबट भाग दिसतात, ते इलेक्ट्रोड. ही लहर पकडणं एवढंच त्यांचं काम, पण कोरड्या कातडीला कोरडा इलेक्ट्रोड टेकवला तर त्यांना काही ऐकू येत नाही. नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजी नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा ते माणसाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवायला लावत. याच कामासाठी त्यांना 1924 साली नोबेल मिळालं. पट्टा बांधण्याआधी नळाखाली ओला करा असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ते त्याच कारणासाठी. घाम फुटला की काम आपोआप होतं, म्हणून पहिली दहा मिनिटं वेडेवाकडे आकडे दाखवणारा पट्टा पुढे सुतासारखा सरळ येतो. कोकणातल्या दमट हवेत हा त्रास फारसा जाणवत नाही. देशावर डिसेंबरच्या कोरड्या पहाटे मात्र सिंथेटिक टी-शर्ट अंगावर फडफडून स्थिर वीज तयार होते आणि नुसत्या चालण्यात दोनशेचा आकडा दिसतो. घाबरून डॉक्टरांना फोन लावण्याआधी पट्टा ओला करून बघावा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कातडीचा स्पर्श झाल्याशिवाय पट्टा जागाच होत नाही. टेबलावर ठेवून त्याला मोबाइलवर शोधत बसलात तर तो कधीच सापडणार नाही. आधी छातीवर बांधायचा, मग शोधायचा. उलट, पळून आल्यावर ओल्या पट्ट्यालाच गोळी, म्हणजे पुढचं ते प्लास्टिकचं यंत्र, लावून ठेवलं तर ओलाव्यामुळे ते तासन्‌तास जागंच राहतं आणि आतला नाण्यासारखा सेल उगाच संपतो. सेल उतरला की जोडणी मध्येच तुटायला लागते, आणि आपण ॲप काढून पुन्हा टाकण्यात दिवस घालवतो.

दुसरा सांधा हवेतला. इथं थोडा इतिहास सांगावा लागेल. फिनलंडमधल्या ओउलू शहराजवळच्या केंपेले या गावी सेप्पो सायनाय्याकांगास या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांनी 1977 मध्ये पोलार ही कंपनी काढली. बर्फावर मैलोन्‌मैल स्की करणाऱ्या खेळाडूंचे ठोके चालत्या शर्यतीत कसे मोजायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. 1982 मध्ये त्यांचा वायरलेस ‘स्पोर्ट टेस्टर’ बाजारात आला: छातीवर पट्टा, मनगटावर घड्याळ. पुढे बरीच वर्षं असे पट्टे पाच किलोहर्ट्‌झच्या साध्या चुंबकीय लहरींवर बोलत. त्यात नाव-गाव काही नसे. दोघे खेटून पळाले तर एकाच्या घड्याळात दुसऱ्याचे ठोके! पुढे कॅनडातल्या डायनास्ट्रीम कंपनीचं अँट प्लस आलं. ती कंपनी 2006 मध्ये गार्मिननं घेतली. त्याच वर्षी नोकियानं वायब्री नावाचं कमी विजेवर चालणारं तंत्र जाहीर केलं, आणि तेच 2010 मध्ये ब्लूटूथ 4.0 मध्ये ‘लो एनर्जी’ म्हणून सामावलं गेलं. 2011 मध्ये आयफोन 4एसमध्ये आणि 2013 मध्ये अँड्रॉइड 4.3 मध्ये ते आलं, आणि घड्याळाशिवाय थेट मोबाइलवर ठोके दिसायला लागले.

आजच्या घोळाचं मूळ या दोन भाषांत आहे. अँट प्लस म्हणजे आकाशवाणी: पट्टा बोलत राहतो, ज्याला हवं त्यानं ऐकावं. ब्लूटूथ म्हणजे फोनवरचं संभाषण: एकाशी बोलणं चालू असताना दुसऱ्याला लाइन मिळत नाही. बऱ्याच जुन्या पट्ट्यांना ब्लूटूथवर एका वेळी एकच जोडणी पेलते, नव्यांपैकी काहींना दोन. तेवढ्या जोडण्या झाल्या की पट्टा आपलं नाव पुकारणं थांबवतो आणि बाकीच्यांना तो दिसेनासा होतो. घरात दोघांच्या मोबाइलवर तेच ॲप असेल, तर नवऱ्याच्या खिशातला मोबाइल बायकोचा पट्टा बळकावून बसतो आणि ती अंगणात ‘सर्चिंग… सर्चिंग’ बघत राहते. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये आपणच पेअर करून ठेवलं किंवा कंपनीचं ॲप मागे उघडं राहिलं, तरी हेच होऊ शकतं. उपाय सरळ आहे. सेटिंग्जमधल्या यादीतून पट्टा ‘फर्गेट’ करायचा, बाकीची ॲप बंद करायची, आणि ज्या ॲपमध्ये ठोके हवेत त्याच ॲपच्या आतल्या ‘सेन्सर’ किंवा ‘डिव्हाइस’ या पानावरून त्याला शोधायचं. हृदयगतीच्या पट्ट्याला मोबाइलशी ओळख करून घ्यायची गरज नसते. त्याची बोलणी थेट ॲपशी होतात. आणि पट्टा फक्त अँट प्लसचा असेल, तर आयफोन किंवा बहुतेक अँड्रॉइड मोबाइल त्याला ऐकूच शकत नाहीत. कुणाचा वापरलेला पट्टा स्वस्तात घेताना खोक्यावर ब्लूटूथची खूण आहे ना, तेवढं पाहावं.

ही बोलणी असतात तरी काय? साधारण सेकंदाला एकदा पट्टा चिमूटभर मजकूर पाठवतो. समजा त्यात 22, 72 आणि 853 हे आकडे आले. पहिला आकडा खुणेचा: पुढची माहिती कशी वाचायची आणि पट्टा कातडीला नीट टेकलाय की नाही, हे त्यात दडलेलं असतं. दुसरा मिनिटाचे ठोके. तिसरा दोन ठोक्यांमधलं अंतर, पण मोजमाप सेकंदाच्या 1024व्या भागांत. 853 ला 1024 ने भागलं की साधारण 0.83 सेकंद येतात, म्हणजे मिनिटाला 72. ही मांडणी ब्लूटूथच्या प्रमाणात ठरवून दिलेली असल्यामुळे कुठल्याही कंपनीचा पट्टा कुठल्याही ॲपला कळतो. ठोक्यांमधल्या अंतराचे हे बारकावे वापरूनच ॲप तुमची ‘रिकव्हरी’ सांगतं. मनगटावरच्या घड्याळाला हे पळताना नीट जमत नाही. ते हिरवा प्रकाश कातडीत सोडून रक्ताची भरती-ओहोटी मोजतं. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच कुळातला, फक्त त्याचा प्रकाश लाल आणि अवरक्त. हात हलला, थंडीनं कातडीतलं रक्त आटलं किंवा मनगटावर टॅटू असला की घड्याळ चाचपडतं. कधी ते पावलांचा ताल हाच ठोक्यांचा ताल समजतं आणि आरामात पळतानाही 170 दाखवत बसतं. साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा चढ लागला की ठोके झपकन वाढतात आणि घड्याळाला ते जरा उशिराच कळतं. सपाटीवर, एका लयीत पळणाऱ्याला घड्याळ पुरतं. चढ-उतार आणि इंटरव्हल करणाऱ्यानं पट्टाच घ्यावा, असं माझं मत आहे.

तिसरा सांधा मोबाइलचा, आणि सगळ्यात जास्त वैताग तोच देतो. अँड्रॉइड 6 पासून 11 पर्यंत ब्लूटूथवर काही शोधायचं तर ॲपला लोकेशनची परवानगी लागते आणि लोकेशन चालूही असावं लागतं. छातीच्या पट्ट्याला माझा पत्ता कशाला, असा संशय येतो आणि माणूस ‘नाही’ दाबतो. त्यामागचं कारण असं: मॉलमध्ये, दुकानांत ब्लूटूथचे छोटे खुणादर्शक लावलेले असतात, आणि आसपास कोणते खुणादर्शक आहेत हे कळलं की माणूस कुठे आहे हे ताडता येतं. म्हणून गुगलनं ब्लूटूथचा शोध आणि लोकेशन यांची मोट बांधली. 2021 मध्ये अँड्रॉइड 12 आलं आणि ‘जवळपासची डिव्हाइस’ अशी वेगळी परवानगी आली. ती नाकारली तर पट्टा असून नसल्यासारखा. ॲप पहिल्यांदा उघडताना घाईत काय दाबलं ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या परवानग्या एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.

जोडणी छान झाली, पहिला किलोमीटर नीट गेला, आणि मोबाइल खिशात टाकल्यावर ठोके गायब झाले, तर बॅटरी वाचवणाऱ्या व्यवस्थेवर संशय घ्यावा. स्क्रीन बंद झाल्यावर मागे चालणारी ॲप अनेक अँड्रॉइड मोबाइल मुकाट्यानं झोपवतात. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावं लागतं. ॲपनं घात केला असं वाटतं, पण तो मोबाइल बनवणाऱ्याचा काटकसरीपणा असतो.

पुढचा सांधा पळून आल्यावरचा. इथं पट्टा आणि घड्याळ यांच्यात मोठा फरक आहे. बहुतेक पट्टे काही साठवून ठेवत नाहीत; मोजक्या मॉडेलांत स्मृती असते. पळताना ॲप जोडलेलं नव्हतं तर ते ठोके गेले, घरी येऊन कितीही ‘सिंक’ दाबलं तरी परत यायचे नाहीत. घड्याळ मात्र साठवतं. ते आधी आपल्या कंपनीच्या ॲपला देतं, ॲप कंपनीच्या सर्व्हरला, आणि तिथून माहिती स्ट्राव्हासारख्या दुसऱ्या ॲपच्या सर्व्हरकडे जाते. शेवटची देवाणघेवाण दोन कंपन्यांमध्ये परस्पर होते, तिथं तुमच्या ब्लूटूथचा संबंधच नसतो. म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये सकाळची धाव दिसतेय आणि स्ट्राव्हावर नाही, अशा वेळी ब्लूटूथ चालू-बंद करत बसण्यात अर्थ नाही. कंपनीच्या ॲपमधली दुसऱ्या ॲपशी असलेली जोडणी तोडून पुन्हा परवानगी द्यावी. तरीही जुन्या धावा कधी कधी आपोआप जात नाहीत. फिट किंवा टीसीएक्स प्रकारची फाइल काढून हातानं चढवावी लागते. जीपीएक्स प्रकारच्या फाइलच्या मूळ साच्यात ठोक्यांना जागा नाही, ते जोडपत्रासारखे बसवावे लागतात. त्यामुळे कधी कधी रस्ता नकाशावर नीट येतो आणि ठोके वाटेत सांडतात.

आणि आकडे नीट पोचले तरी ते रंगवतं ॲप. ‘झोन टू’ हिरवा की पिवळा, हे ठरतं तुमच्या कमाल ठोक्यांवरून, आणि कित्येक ॲप ते 220 वजा वय या सूत्रानं काढतात. हे सूत्र 1970च्या सुमाराला अमेरिकेतल्या फॉक्स आणि हॅस्केल यांच्या मांडणीतून रूढ झालं. तेव्हा उपलब्ध असलेल्या निरनिराळ्या अभ्यासांतल्या ठिपक्यांमधून ओढलेली ती एक ढोबळ रेघ होती. 2001 मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी 208 वजा वयाच्या 0.7 पट असं सूत्र सुचवलं. चाळिशीत दोन्हींचं उत्तर 180 येतं. साठीत मात्र जुनं 160 सांगतं, नवं 166. माणसामाणसांतला फरक तर याहून मोठा असतो, आणि ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही सूत्रं गुंडाळून ठेवावीत आणि किती ठोक्यांपर्यंत जायचं ते डॉक्टरांनाच विचारावं. ॲपमध्ये कमाल ठोके स्वतः भरण्याची सोय असते, पण तिथवर फारसं कुणी जात नाही.

शेवटचा सांधा सर्व्हरपासून जगापर्यंतचा. स्ट्राव्हानं 2017च्या नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या धावपटूंच्या आणि सायकलस्वारांच्या वाटांचा एक उजळ नकाशा प्रसिद्ध केला. कुणाचंही नाव त्यात नव्हतं. 2018च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्यानं दाखवून दिलं की अफगाणिस्तान आणि सीरियातल्या काळोख्या भागांतही काही रेषा लखलखताहेत: लष्करी तळांवरचे सैनिक कुंपणाच्या कडेनं व्यायामाला पळत होते. तुमचा बंगला काही लष्करी तळ नाही, पण रोज पहाटे साडेपाचला रेघ कुठून सुरू होते ते नकाशावर दिसतंच. स्ट्राव्हात धावेची सुरुवात आणि शेवट झाकता येतात, ठोके वेगळे लपवता येतात, आणि आपल्या धावा त्या नकाशातून वगळताही येतात. हे पर्याय ॲपमध्येच आहेत, आणि पट्टा जोडायला घेतला त्याच दिवशी ते बघून टाकलेले बरे.