छत्री शाळेवर नको, गाडीवर हवी

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या कंपनीबरोबर एका इरादापत्रावर सही केली. उपग्रहावरून येणारे इंटरनेट सरकारी संस्था, ग्रामीण वस्त्या आणि महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधांपर्यंत न्यायचे, असा हा इरादा. आणि त्यात नावानिशी आलेले जिल्हे चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. चारही नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतले. गडचिरोलीचे जंगल आणि नंदुरबारचा सातपुडा डोळ्यांसमोर आणला की उपग्रह का हवा, हे वेगळे सांगावे लागत नाही. धाराशिवच्या नावापाशी मात्र थोडे अडखळायला होते. हा बालाघाटाच्या पठारावरचा, मोकळ्या शिवाराचा जिल्हा आहे. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा त्याच्या अंगावरून जातो. पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग-उमरग्यावरून. मोबाइलची रेंज बहुतेक गावांत पोहोचली आहे, ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतींच्या दारापर्यंत नेण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. मग इथे आकाशातून इंटरनेट कशाला? शाळेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या छपरावर बसवायला असेल, तर या प्रश्नाला पटेलसे उत्तर नाही. पण डांबरी सोडून पाणंद रस्त्याला लागणाऱ्या गाडीच्या टपावर बसवायला असेल, तर उत्तर चांगलेच भक्कम आहे.

हे तंत्र समजून घेतले की त्यामागचे कारण कळते. दूरदर्शनची छत्री ज्या उपग्रहांकडे तोंड करून बसते, ते विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे एका जागी खिळल्यासारखे दिसतात. उंची एवढी, की संदेश वर जाऊन खाली यायलाच सुमारे पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत. तिथवर जाऊन खाली यायला प्रकाशाला सेकंदाचे चार सहस्रांश पुरतात; यंत्रणेतली बाकीची दिरंगाई धरूनही व्हिडिओ कॉलवर दोघे एकमेकांचे बोलणे तोडत नाहीत. या जवळिकीची किंमत अशी, की उपग्रह एका जागी राहत नाही. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने तो धावतो, सुमारे दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि आपल्या माथ्यावरून काही मिनिटांत निघून जातो. म्हणून हजारो उपग्रह लागतात आणि जमिनीवरच्या अँटेनाला सतत एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागतो.

हे काम मोटरने फिरणाऱ्या एका छत्रीला नीट जमत नाही. त्यासाठी ‘फेज्ड अरे’ नावाची सपाट पाटी वापरतात. तिच्यात शेकडो इवल्या अँटेना ओळीने मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीला संदेश किंचित मागेपुढे करून दिला जातो. शाळेच्या मैदानावर लेझीमची रांग चालताना प्रत्येक मुलाने शेजाऱ्याहून अर्धे पाऊल उशिरा उचलले, तर अख्खी रांग तिरकी होते. लहरींची आघाडी तशीच तिरकी होते आणि पाटी न हलता झोत हवा तिकडे वळतो. आता गंमत पाहा. उपग्रहाच्या वेगामुळे संदेशाची वारंवारता अडीचशे किलोहर्ट्झपर्यंत सरकते आणि यंत्रणा ती सहज जुळवून घेते. ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या जीपमुळे पडणारी भर एखाद्या किलोहर्ट्झची. म्हणजे गाडीचा वेग हा या तंत्रापुढचा प्रश्नच नाही. ते जन्मतःच धावत्या लक्ष्यासाठी घडलेले आहे. खरा त्रास हेलकाव्यांचा. शेतातल्या वाटेवर टप दोन्ही बाजूंना झुकतो तेव्हा पाटीने आपला कल ओळखून त्याच क्षणी झोत उलट दिशेला सावरायला हवा. त्यासाठी आत कलमापक संवेदक असतात. पाटी टपावर घट्ट आवळलेली आणि आकाश मोकळे असेल, तर हे साधते. घनदाट झाडी किंवा उभा कडा आडवा आला की जोडणी तुटते. येडशीच्या रामलिंगाच्या परिसरातली झाडी आणि घाटातली वळणे सोडली, तर धाराशिवच्या आकाशाला फारसा अडसर नाही.

विजेचे गणितही गाडीच्या बाजूने आहे. लहान आकाराची पाटी सुमारे एक किलो वजनाची असते आणि २५ ते ४० वॅट वीज खाते. जीपची १२ व्होल्टची, ६० अँपिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली, तरी इंजिन बंद ठेवून ती दहा-बारा तास चालवता येते. इंजिन चालू असेल तर प्रश्नच नाही. आणि गाडी म्हणजे जीपच कशाला? पावसाळ्यात काळ्या रानात जीपची चाके रुततात तेव्हा पुढे जातो तो ट्रॅक्टर. परदेशी मासिकांतल्या चकचकीत ‘ऑफ-रोड’ गाड्यांना मराठवाड्याचे उत्तर तेच आहे.

छपरापेक्षा टप बरा असे म्हणण्यामागे याहून वजनदार कारण टंचाईचे आहे. उपग्रहाची क्षमता जमिनीवरच्या ठरावीक क्षेत्रफळाला वाटली जाते. तेवढ्या क्षेत्रात ग्राहक वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. फायबर दुप्पट टाकता येते, आकाशाचा तुकडा दुप्पट करता येत नाही. केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री चंद्रशेखर पेम्मसानी यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितले होते, की स्टारलिंकला भारतात २० लाखच ग्राहक घेता येतील. देशात सुमारे साडेसहा लाख गावे. शहरांना एकही जोडणी दिली नाही तरी गावामागे तीन आल्या. त्यात भूगोलही आपल्या बाजूने नाही. या उपग्रहांतल्या मोठ्या गटाच्या कक्षा विषुववृत्ताशी ५३ अंशांनी कललेल्या आहेत. अशा कक्षांतले उपग्रह आपल्या प्रवासाच्या दोन टोकांपाशी, म्हणजे पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास, दाटी करतात आणि मधल्या पट्ट्यात विरळ होतात. १८ अंश अक्षांशावरच्या धाराशिवच्या डोक्यावर त्या गटाची जेवढी गर्दी असेल, तिच्या तिपटीहून अधिक ती पन्नास अंशांवरच्या युरोपवर असते. तिथल्या प्रवाशांनी मोटारघरावर पाटी लावून कसा आनंद लुटला, याचे दाखले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

एवढी तुटपुंजी वस्तू एका शाळेच्या छपरावर कायमची अडकवून ठेवणे म्हणजे तिच्या एकमेव खऱ्या गुणावर, हलता येण्यावर, पाणी सोडणे. शाळा जागची हलत नाही. तिच्यापर्यंत फायबर जाऊ शकते आणि एकदा नीट गेले की ते उपग्रहापेक्षा स्वस्त आणि वेगवान ठरते. गावोगावी फायबर नेणाऱ्या भारतनेट योजनेच्या सुधारित आवृत्तीसाठी केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांना मंजुरी दिली. त्यात वलयाकार जोडणीची तरतूद आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश जावा. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने फायबर उखडले म्हणून गावाला उपग्रह देणे, हा दुरुस्ती टाळण्याचा महागडा मार्ग झाला. फिरता दवाखाना, जनावरांच्या दवाखान्याची गाडी, पिकांचे पंचनामे करायला निघालेले पथक, पुरात निघालेली बचावगाडी यांच्यापर्यंत मात्र कोणतेच फायबर पोहोचणार नाही.

सप्टेंबर २०२५ ने हे फार कठोरपणे दाखवून दिले. सीना आणि चांदणी नद्यांना पूर आला, परंडा आणि भूम तालुक्यांत शिवारेच्या शिवारे पाण्याखाली गेली. एनडीआरएफची पथके आली, लष्कराचे हेलिकॉप्टर मागवावे लागले. अशा वेळी आधी वीज जाते. मोबाइलचा टॉवर काही तास बॅटरीवर तग धरतो, मग जनित्राचे डिझेल संपते, आणि डिझेल पोहोचवायचा रस्ता पाण्याखाली असतो. टॉवरला जोडणारे फायबर पुलाच्या कडेने गेलेले असेल तर पुलाबरोबर तेही गेले. म्हणजे मोबाइल नेमका तिथे आणि तेव्हा बंद पडतो, जिथे आणि जेव्हा तो सर्वांत जास्त हवा असतो. ‘रेंज सगळीकडे आहे’ हा आक्षेप कोरड्या दिवसांपुरता खरा आहे. टपावर पाटी असलेली गाडी गावाच्या वेशीपर्यंत पोहोचली तर तिच्याभोवती वायफायचे छोटे वर्तुळ तयार होते. तहसील कार्यालयाला फोटो जातो, डॉक्टरला रुग्ण दाखवता येतो, अडकलेल्या माणसांची यादी नियंत्रण कक्षात पोहोचते. अख्ख्या गावाला चित्रपट पाहता येणार नाही. ती अपेक्षाही नाही.

यावर जाणकार लगेच विचारतील, की पावसात हा संदेश विरतो त्याचे काय? विरतो, यात वाद नाही. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि मुसळधार पावसाचे थेंब त्यांची ऊर्जा शोषतात, इतस्ततः उधळतात. ढगफुटीसारखा पाऊस कोसळत असताना जोडणी तुटेल. पण पाऊस आणि पूर यांच्या घड्याळात फरक असतो. सीना अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते. परंड्यात पाणी चढते ते बऱ्याचदा वर पडलेल्या पावसाचे. सर्वांत जोराची सर तासाभरात ओसरते, रस्ते आणि वीज पूर्ववत व्हायला मात्र दिवस लागतात. जोडणीची गरज या लांबलेल्या दिवसांना आहे. भूकंपात तर हा आक्षेप उरतच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या धक्क्याने या जिल्ह्यातले सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली, तेव्हा भारतात मोबाइल सेवा सुरूही झाली नव्हती. १ जानेवारी २०२४ च्या जपानमधल्या नोतो भूकंपात ती होती, आणि तीच कोलमडली. तिथल्या केडीडीआय कंपनीने निवारा केंद्रांत स्टारलिंकचे संच पाठवले आणि गाड्यांवरचे फिरते मोबाइल टॉवर उपग्रहाला जोडून चालवले.

ही कल्पना आपल्याला नवी नाही, हे इथे नोंदवायला हवे. १९७५-७६ मध्ये इस्रोने ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी दाखवली. त्यातला गुलबर्गा जिल्हा उमरग्याच्या शिवेला लागून आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने २००३ पासून इस्रोच्या उपग्रहाशी जोडलेली बस खेड्यांत नेऊन डोळे तपासले. त्या बसची छत्री गाडी थांबवून, नेम धरून लावावी लागे. नव्या पाटीने हा नेम धरण्याचा व्याप संपवला, एवढाच मोठा बदल आहे. पण सामाजिक उपयोगाच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे, कारण नेम धरायला तंत्रज्ञ लागतो आणि पूरग्रस्त गावात तंत्रज्ञ नसतो, ड्रायव्हर असतो.

कायद्याची बाजू मात्र हौशी प्रवाशांनी नीट समजून घ्यावी. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना आणि जुलैमध्ये ‘इन-स्पेस’ या अंतराळ नियामक संस्थेची मान्यता मिळाली. पण कंपनीला परवाना मिळाला म्हणजे कोणीही परदेशातून पाटी आणून जीपवर ठोकावी असे नव्हे. आपल्याकडे विनापरवाना उपग्रह फोन जवळ बाळगणे गुन्हा आहे. साधे उपग्रह संदेशयंत्र बॅगेत सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांना गोव्याच्या विमानतळावर अडवले गेले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपूरमध्ये सुरक्षा दलांना शस्त्रांबरोबर स्टारलिंकची उपकरणे सापडली. भारतातला संदेश भारतातल्याच भूकेंद्रातून गेला पाहिजे आणि उपकरण कुठे आहे ते कळले पाहिजे, अशा अटी २०२५ मध्ये घातल्या गेल्या, त्या या पार्श्वभूमीवर अवाजवी वाटत नाहीत. फिरते उपकरण स्थिर उपकरणापेक्षा सुरक्षेच्या दृष्टीने अवघड, हा आक्षेप खरा आहे. मात्र सरकारी गाडीवरच्या नोंदणीकृत पाटीला तो लागू होत नाही. तिची जागा माहीत असणे ही अडचण नसून सोयच आहे. नियंत्रण कक्षाला नकाशावर आपली गाडी दिसते.

परदेशी खाजगी कंपनीवर किती विसंबायचे, हा प्रश्न याहून खोल आहे. युक्रेन युद्धात स्टारलिंकची सेवा कुठे चालू आणि कुठे बंद, हे तिच्या मालक उद्योगपतीच्या मर्जीवर अवलंबून असल्याचे जगाने पाहिले. भारताकडे पर्याय अगदीच नाहीत असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडलेल्या जीसॅट-एन२ या भारतीय उपग्रहाची क्षमता ४८ गिगाबिट प्रतिसेकंद आहे, आणि भारती उद्योगसमूहाच्या भागीदारीतल्या वनवेब या उपग्रह-इंटरनेट कंपनीचे ७२ उपग्रह इस्रोच्याच एलव्हीएम-३ ने दोन खेपांत कक्षेत नेले. इरादापत्र एका कंपनीशी झाले असले तरी गाडीवरची बैठक, वायरिंग आणि चालकाचे प्रशिक्षण असे असावे, की उद्या पाटी बदलली तरी बाकीचे तसेच राहील. थेट हातातल्या फोनला जोडणारे उपग्रह येत आहेत, तेव्हा थांबा, असेही सांगितले जाते. डिसेंबर २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेला ब्लूबर्ड त्याच जातीचा. पण फोनची अँटेना बोटाएवढी. एका झोतात शेकडो फोनांनी मिळून वाटून घेतलेल्या त्या क्षमतेत ‘मी सुखरूप आहे’ हा निरोप जाईल, सोनोग्राफीचे चित्र जाणे कठीण.

तेव्हा इरादापत्राचे करारात रूपांतर होईल त्या वेळी धाराशिवने मागायच्या गोष्टी फार नाहीत. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येकाला चालत्या गाडीवर वापरण्याची स्पष्ट मुभा असलेला एक संच आणि जिल्हा नियंत्रण कक्षात दोन राखीव. पावसाळा नसताना हेच संच फिरत्या दवाखान्यांवर आणि पशुवैद्यकीय गाड्यांवर चालावेत, नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापुरात लाखोंच्या गर्दीने मोबाइलचे जाळे गुदमरते तेव्हा पोलीस आणि रुग्णवाहिकांना द्यावेत. कपाटात सीलबंद ठेवलेले आपत्ती साहित्य ऐनवेळी चालत नाही, हे तहसीलमधला कुठलाही अव्वल कारकून सांगेल: बॅटरी उतरलेली असते, सॉफ्टवेअर जुने झालेले असते, वर्गणी कोणी भरायची याची फाइल फिरत असते. रोज धुळीत फिरणाऱ्या गाडीवरचा संच बिघडला तर त्याच दिवशी कळते.