आद्य ख्रिस्ती धर्मपत्रे

आद्य ख्रिस्ती धर्मपत्रे : ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांत दूरदूरच्या मंडळ्यांना उपदेश करण्यासाठी व त्यांच्या आचरणातील दोष दूर करण्यासाठी लिहिली गेलेली पत्रे. नव्या करारातील २७ पुस्तकांपैकी २१ पत्ररूप आहेत. रोमन साम्राज्याची डाकव्यवस्था केवळ सरकारी कामासाठी असल्याने ही पत्रे प्रवासास निघालेल्या विश्वासू व्यक्तींबरोबर पाठविली जात. पत्र पोहोचले, की ते जमलेल्या मंडळीपुढे मोठ्याने वाचले जाई. साहजिकच ज्याची कानउघाडणी केलेली असे, त्याला ती सर्वांदेखत ऐकावी लागे. लेखकाच्या हाती मात्र कोणतीही दंडशक्ती नव्हती.

सेंट पॉलचा करिंथच्या मंडळीशी झालेला पत्रव्यवहार या दृष्टीने उद्‌बोधक आहे. सु. ५४ मध्ये एफिससहून पाठविलेल्या पत्रात त्याने तेथील गटबाजी, आपसांतील दावे न्यायालयात नेण्याची प्रवृत्ती यांवर टीका केली आणि वडिलांच्या पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या एका इसमास बहिष्कृत करण्यास सांगितले. पुढे त्याने अश्रू ढाळीत आणखी एक कठोर पत्र लिहिले. ते आज उपलब्ध नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते पाठविल्याचा आपणास काही काळ पश्चात्ताप झाला, असे त्याने नंतर कळविले. मंडळीने शिक्षा केलेल्या अपराध्याला आता क्षमा करावी, अन्यथा तो दुःखाने खचून जाईल, अशी विनंतीही त्याने केली. हा अपराधी पूर्वीचाच की दुसरा, याविषयी मतभेद आहेत. परंतु बहिष्काराइतकीच परत घेण्याचीही त्याला काळजी होती, हे उघड आहे.

याच करिंथमध्ये काही धर्मवृद्धांना पदच्युत करण्यात आले, तेव्हा सु. ९६ मध्ये रोमच्या मंडळीने तिला ६५ प्रकरणांचे दीर्घ पत्र पाठविले. त्यात लेखकाचे नाव नाही. परंपरा ते क्लेमंटचे मानते. मत्सराचे दुष्परिणाम केनपासूनच्या उदाहरणांनी त्यात काहीशा पाल्हाळाने सांगितले असून, कलहास कारण झालेल्यांनी आपण होऊन दूर व्हावे, असे सुचविले आहे. रोमने हे अधिकाराने लिहिले की बंधुभावाने, हा वाद उत्तरकालीन पंथांनी हिरिरीने लढविला. पत्रात मात्र आपणही त्याच आखाड्यात उभे आहोत, अशी भूमिका आढळते. सु. १७० मध्ये करिंथचा बिशप डायोनिशियस याने हे पत्र तेथे उपासनेच्या वेळी वाचले जात असल्याचे कळविले. जिला दोष दिला, तिनेच तो लेख इतकी वर्षे जपावा, ही गोष्ट लक्षणीय होय.

स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प याने फिलिप्पैच्या मंडळीस लिहिताना व्हॅलेन्स या द्रव्यलोभी धर्मवृद्धाबद्दल खेद व्यक्त केला. तथापि त्याला व त्याच्या पत्नीला शत्रू न समजता परत आणावे, असेही बजावले.

२५० मधील डीशियसच्या छळानंतर धर्मच्युतांना पुन्हा प्रवेश देण्याचा प्रश्न बिकट झाला. अज्ञातवासात गेलेला कार्थेजचा बिशप सिप्रियन याने पत्रांद्वारेच आपली मंडळी सांभाळली. त्याच्या पत्रसंग्रहातील ८१ पत्रांपैकी काही इतरांची आहेत. कळप सोडून जाणाऱ्या मेंढपाळाचा सूचक उल्लेख असलेले रोमच्या धर्माधिकाऱ्यांचे एक पत्र त्याच्या हाती आले, तेव्हा त्याने ते मूळ स्वरूपातच परत धाडले आणि हस्ताक्षर, मजकूर व कागद पाहता ते खरोखर त्यांचेच आहे काय, अशी विचारणा केली.